पिंकीची कोर

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे आणि मला गप्प बसवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गोष्ट सांगताना मी मध्येच पुढे पळेन, तेव्हा मला सांभाळून घ्या. डोक्यावरचं बटण दाबलं आणि काटा सुटला की मला बरं वाटतं. काटा शून्यावर उभा राहिला की जीव नुसता तगमगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. एवढं आठवतं की कुणीतरी चिमट्यानं माझ्या पोटात पोलादाची बारीक कमान गुंडाळून बसवली, वर काच लावली, मला कानाशी धरलं आणि मान डोलावली. मग एका निळ्या डबीत कापसावर झोपवलं. झोपवलं कसलं, कोंडलंच. डबी उघडली ती थेट रोह्याच्या एका शाळेतल्या खेळाच्या खोलीत. समोर गोपाळकृष्ण सर उभे होते. तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे, नुकतेच लागलेले व्यायामशिक्षक. वरसे गावात घर, घरात आजोबांपासून सगळे मास्तर. त्यांनी मला चावी दिली, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि घंटा झाली म्हणून वर्गाकडे पळणाऱ्या एका मुलाची वेळ लावली. तेरा सेकंद. त्या तेरा सेकंदांत मी सरांचा झालो.

पुढची तीस वर्षं मी क्वचितच थांबलो. सकाळी मैदान, दुपारी मैदान, पावसाळ्यात शाळेचा लांबच लांब व्हरांडा. शंभर मीटर, चारशे मीटर, पंधराशे मीटर. क्रीडा महोत्सव जवळ आला की मुलं मला नुसतं हातात धरायला मिळावं म्हणून भांडायची. सर धोतराच्या जुन्या तुकड्यानं माझी काच पुसत. कुणाची वेळ सुधारली की ते मलाच शाबासकी दिल्यासारखे थोपटत, आणि मी फुगून जाई. खरं तर धावलेला असे मुलगा. पण कौतुक आयतं मिळालं तर कोण नाही म्हणेल?

त्या कौतुकाच्या वर्षांतच साईराजची गोष्ट घडली. ती मी टाळणार होतो, पण टाळली तर पुढचं काहीच तुम्हाला कळणार नाही.

साईराज नववीत होता. पंधराशे मीटर असा धावायचा की माझा काटा लाजावा. धावण्याआधी तो खाली वाकून नडगी चोळायचा. नडगी म्हणजे गुडघ्याखालचं पुढचं हाड. पहिल्यांदा दोनदा चोळायचा, मग दहादा. एकदा तो म्हणाला, "सर, इथं दुखतंय." सर म्हणाले, "धावणाऱ्याला दुखणारच रे. सोसायला शिक." सर वाईट माणूस नव्हते. त्यांना त्यांच्या सरांनी हेच सांगितलं होतं. आणि मी? मला तोंड नाही हे खरं, पण असतं तरी मी बोललो नसतो. मला त्याच्या वेळा हव्या होत्या. दर आठवड्याला दोन सेकंद कमी, तीन सेकंद कमी. तालुक्याच्या शर्यतीत तिसऱ्या फेरीला साईराज एकाएकी खाली बसला आणि पाय धरून राहिला. नडगीच्या हाडाला भेग गेली होती. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण तो पुन्हा धावला नाही. सर दोनदा त्याच्या घरी जाऊन आले, मग जायचे थांबले. का थांबले, ते मला ठाऊक आहे. त्यांना त्याच्या पायाकडे बघवत नव्हतं.

मग मोबाइल आले. ज्याच्या त्याच्या खिशात घड्याळ, त्यात सेकंदाचेही शंभर तुकडे. सर निवृत्त झाले आणि मी कपाटाच्या खणात गेलो, एका थर्मामीटरच्या आणि गंजलेल्या शिट्टीच्या शेजारी. आत तेल सुकलं. काटा सत्तावीस सेकंदांवर अडकला तो अडकलाच. मित्रांनो, सात वर्षं सत्तावीस सेकंदांवर उभं राहून बघा एकदा.

माझी सुटका झाली ती पेणला. सरांची मुलगी तनया फिजिओथेरपिस्ट आहे. मोडलेल्या, आखडलेल्या, लचकलेल्या माणसांना व्यायाम देऊन पुन्हा उभं करते. तिनं पेणला दवाखाना काढला आणि वडिलांना आपल्याकडे घेऊन आली. सरांना घरात करमेना. सकाळी फिरायला जाताना मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली दिसल्या. कुणी शिकवायला नाही, आपल्या आपण धावत होत्या. झालं. आठवड्याभरात सर त्यांचे सर झाले. पहिले दोन दिवस त्यांनी मोबाइलवर वेळ लावली, पण ऐन शेवटच्या फेरीत कुणाचा तरी फोन आला आणि वेळ गेली ती गेलीच. त्या संध्याकाळी सरांनी मला खणातून काढलं आणि बाजारातल्या घड्याळवाल्याकडे नेलं. त्यानं मला उघडलं, धुतलं, तेल दिलं. काटा सुटला तेव्हा मला ओरडावंसं वाटलं.

त्या मुलींमध्ये पिंकी होती. जोह्याची. जोहे म्हणजे गणपतींचं गाव. घराघरात मूर्तींचे कारखाने, मध्ये भाताची शेतं, आणि पेणला यायला एसटी. पिंकीची आई रंभा मूर्तींना रंग द्यायची. पिंकी आईच्या हाताखाली शिकून कोर काढायला बसायची. कोर म्हणजे देवाच्या पितांबराच्या काठावरची सोनेरी रेघ. हात जरा हलला की कोर बिघडते, म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाठीचं धनुष्य करून, श्वास धरून बसायचं काम. आणि पहाटे उठून धावायचं. तिला पोलीस व्हायचं होतं. बारावीपासून तिनं दुसरं काही मनात आणलं नव्हतं. आठशे मीटर धावून दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत यायचं, म्हणजे पूर्ण गुण, हे सरांनी तिला आखून दिलेलं. ती एकदा दोन एक्कावन्नला आली, आणि मग काय, मी आणि ती दोघंही वेडे झालो. एका सेकंदासाठी तिनं धावणं दुप्पट केलं. मैदान झालं की परत जाताना डांबरी रस्त्यानं अर्ध्या वाटेपर्यंत धावत जायची आणि मग एसटी धरायची.

भरतीच्या मैदानी चाचणीला सात आठवडे राहिले असताना ती धावण्याआधी खाली वाकली आणि तिनं नडगी चोळली.

सरांच्या हातात मी होतो. त्यांचा अंगठा बटणावरून बाजूला झाला तो मला जाणवला. "पिंकी, इकडे ये," ते म्हणाले. "कधीपासून?"

"काय नाय सर, जराशी."

"कधीपासून विचारतोय."

"तीन आठवडे झाले असतील."

सर तिला तसेच दवाखान्यात घेऊन गेले. बाहेर दहा-बारा माणसं बसली होती, तनयाला पाणी प्यायला फुरसत नव्हती. तिनं पिंकीच्या नडगीवरून अंगठा दाबत दाबत खाली आणला. "एका बोटानं दाखवता येईल इतक्याच जागी दुखतं, की एवढं सगळं?"

पिंकीनं हातानं वीतभर जागा दाखवली. तनयानं सुस्कारा सोडला. "बरं झालं. एकाच ठिकाणी दुखत असतं तर मी हाडाला भेग आहे असं समजून चालले असते. पण आज थांबली नाहीस तर तिथंच पोचशील." मग तिनं पिंकीचे बूट उलटे करून पाहिले. "बघ, आतली कोर कशी झिजलीय." पिंकीला उभं करून एका पायावर थोडं बसायला लावलं. पिंकीचा गुडघा लटपटत आत गेला, दुसऱ्या बाजूची कंबर खाली कलली. "हे बघ. तुझी कोर कमजोर आहे, म्हणून सगळा भार नडगीवर येतो. तीन आठवडे धावणं बंद. बर्फानं शेकायचं आणि कोर मजबूत करायची, रोज दहा मिनिटं. व्हिडिओ पाठवते. समजलं ना?"

"व्हय," पिंकी म्हणाली.

पुढचा पेशंट आत आला. व्हिडिओ पाठवायचा राहून गेला.

सरांनी मला पिंकीच्या हातात दिलं. म्हणाले, "हे घरी ने. मोबाइलवर वेळ लावलीस तर रील बघत बसशील." आणि मी एसटीनं जोह्याला गेलो. इतकी वर्षं मी सरांना सोडून कुठं गेलो नव्हतो. मला फार महत्त्वाचं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पिंकीनं कारखान्यात, रांगेनं ठेवलेल्या अर्ध्या रंगलेल्या मूर्तींच्या मध्ये, चपला काढल्या. मला चावी दिली, बटण दाबलं, आणि पावलांच्या बाहेरच्या कोरेवर भार देऊन चालायला लागली. आत गुडघा जातो, आतली कोर झिजते, तर बाहेरची मजबूत करायला हवी. सरळ हिशोब होता. जोह्यात जन्म गेलेल्या मुलीला कोर म्हणजे काठ, हे कुणी सांगायला लागत नाही. मलाही वाटलं, बरोबरच आहे. माझेही सगळे आकडे कोरेवरच लिहिलेले आहेत. दहा मिनिटं झाली की मी इमानदारीत दाखवायचो. चार दिवसांनी तिनं दहाची वीस केली. कारण तिला लवकर बरं व्हायचं होतं. मग सकाळी वीस, संध्याकाळी वीस. मला काम मिळत होतं, मी खूश होतो. आज तो काळ आठवला की स्वतःच्या बटणावर स्वतः हातोडी मारावीशी वाटते.

नवव्या दिवशी तिला मूर्ती उचलून फळीवर ठेवताना पाय टेकवेना. घोटा बाहेरून सुजला होता. रात्री ती ठणक्यानं कुशी बदलत होती हे रंभाला कळलं होतंच, पण आता डोळ्यांसमोर दिसलं.

"लंगडतेस कशाला गो?" रंभा म्हणाली.

"काय नाय. व्यायामानं दुखतंय."

"बरं व्हायच्या व्यायामानं दुखतंय?"

"आधी दुखणारच."

रंभानं हातातला ब्रश पाण्यात टाकला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चल. ताईंना विचारू."

तनयानं दोघींना बसवलं. पिंकीचा पाय पाहून तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं पुन्हा अंगठा फिरवला. या वेळी एका जागी पिंकीनं ओठ चावला. तनयानं एक्स-रे काढून आणायला लावला. त्यात भेग नव्हती. "पण अशी भेग सुरुवातीला एक्स-रेत दिसतेच असं नाही," ती म्हणाली. "पिंकी, तू धावलीस का?"

"शप्पथ नाय, ताई."

"आणि कोर करतेस रोज?"

"रोज. दोन वेळा. हे बघा, घड्याळ लावून."

"दाखव बरं."

पिंकी उठली. चपला काढल्या. आणि सुजलेल्या घोट्यानं, पावलांच्या बाहेरच्या काठावर, दवाखान्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत गेली. मी टेबलावर होतो. मला तनयाचा चेहरा दिसला. तेव्हा मला कळलं की काहीतरी भयंकर चुकलं आहे आणि ते नऊ दिवस मी मोजत बसलो होतो.

सर कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. हसतील असं मला वाटलं. कुणीच हसलं नाही. तनया पिंकीजवळ गेली, तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे इंग्रजीत कोर म्हणतात ते पोट, कंबर, पाठ, ओटीपोट. आतले स्नायू. मी घाईत होते. तू मान हलवलीस आणि मी पुढे गेले."

पिंकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला विचारायला लाज वाटली. वाटलं, ताई म्हणतील एवढंपन येत नाय."

रंभानं लेकीचे डोळे पदरानं पुसले. ती म्हणाली, "म्हंजे आतला काथ्या."

"काय म्हणालात?"

"मूर्तीच्या आतला काथ्या वं. साच्यात नुसतं प्लास्टर ओतलं तरी मूर्ती होते. वरून दिसते बी चांगली. पन आतनं नारळाचा काथ्या नीट बसवला नाय, तर उचलताना खांद्यात नायतर पायात तडकते. लोक म्हंतात पाय कच्चा. पाय कच्चा नसतो, आतला काथ्या कमी असतो."

तनया रंभाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "रंभाताई, मी पाच वर्षं कॉलेजात शिकले, पण असं कुणाला सांगायला मला जमलं नव्हतं."

त्या दिवसापासून कोर हा शब्द बंद झाला. जोह्याच्या त्या कारखान्यात व्यायामाचं नाव पडलं काथ्या. "काथ्या केलास का गो?" असं रंभा सकाळी चहाच्या आधी विचारायची.

पण दिवस गेले ते गेलेच होते. साडेपाच आठवडे उरले आणि तनयानं नव्यानं सांगितलं, त्यातले तीन धावायचं नाही. सर त्या दुपारी मला खिशात घालून स्टेशनवर गेले आणि रोह्याची गाडी पकडली. वाटेत कासू स्टेशनात गाडी उगीचच उभी राहिली. सर खिशात हात घालून मला चावी देत राहिले, गरज नसताना. माझ्यापेक्षा जास्त बेचैन माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

रोह्याला कंपनीच्या बस थांबतात तिथं ते उभे राहिले. पहिली शिफ्ट सुटली. एका बसमधून साईराज उतरला. पंचेचाळिशीचा, केस विरळ, चालताना डावा पाय जरासा जपून टाकणारा. सरांना त्यानं लगेच ओळखलं. वाकून नमस्कार करायला लागला तर सरांनी त्याचे हात धरले. दोघं चहाच्या टपरीवर बसले. सरांनी पिंकीची सगळी गोष्ट सांगितली आणि मग म्हणाले, "साईराज, मी तुला त्या दिवशी थांबवायला हवं होतं."

साईराजनं चहाचा घोट घेतला. "व्हय सर. हवं होतं."

त्यानं ते रागानं म्हटलं नाही. सरांची मान खाली गेली. साईराज म्हणाला, "पन सर, पायाचं मला तेवढं वाईट नाय वाटलं. प्लास्टर निघालं, मंग कुनी काय सांगितलंच नाय. घरी बसवलं. मैदानाकडं कुनी बोलावलं नाय. तुमीपन नाय. पोरं धावायची त्येंचा आवाज घरापर्यंत यायचा." त्यानं कप खाली ठेवला. "त्या पोरीला धावू देऊ नका. पन घरी बसवू नका. रोज मैदानावर आना."

सर पेणला परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंकी मैदानावर हजर होती. सरांनी निवडणुकीतला एक जुना फ्लेक्स आणला होता, तो उलटा करून कडेला अंथरला. बाकीच्या मुली धावत आणि पिंकी फ्लेक्सवर काथ्या करी. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची. एका कुशीवर कोपर टेकवून अंग सरळ धरायचं. पायरीवर उभं राहून टाचा हळू वर, त्याहून हळू खाली. आणि प्लँक. दोन्ही कोपरं आणि पायांची बोटं जमिनीवर, बाकी सगळं अंग फळीसारखं सरळ, आणि तसंच राहायचं.

मित्रांनो, राहायचं. हलायचं नाही. आणि मी ते मोजायचं.

तुम्हाला माझी दशा कळणार नाही. मैदानावर दिपिका, प्रतिक्षा अशा भरतीच्या बाकीच्या मुली वाऱ्यासारख्या चालल्यात, धूळ उडतेय, आणि मी एका जागच्या जागी थरथरणाऱ्या मुलीसमोर पडलोय. पहिल्या दिवशी तिला पंधरा सेकंद जमले. पंधरा. तेवढ्यात दिपिका शंभर मीटरला पोचत होती. पिंकीच्या नाकावरून घाम माझ्या काचेवर पडत होता. ती कुजबुजली, "हे घड्याळ बंद पडलंय का?" मी बंद पडलो नव्हतो. मलाही तोच संशय येत होता.

दोन आठवडे असे गेले. पंधराचे तीस झाले, तिसाचे पंचेचाळीस. तनयानं कारखान्यात येऊन पिंकीची बैठक बदलली, मूर्ती उंच फळीवर ठेवायला लावली. रंभानं सगळ्यांनाच नियम घातला की अर्ध्या तासानं ब्रश ठेवून उठायचं, दोन पावलं चालायचं. नडगीवरची ती एक जागा दाबली तर दुखायची, मग जरा कमी, मग आणखी कमी. पण पूर्ण गेली नव्हती. आणि पिंकीची झोप गेली होती. भरतीची तारीख तिनं कारखान्याच्या भिंतीवर सोनेरी रंगानं लिहिली होती आणि मूर्ती रंगवता रंगवता ती सारखी तिकडे बघायची.

मी पुन्हा तिच्याकडेच राहायला होतो. एका सकाळी ती मला घेऊन एकटीच रस्त्यावर आली. भाताच्या शेतांमधला सरळ रस्ता, एसटी यायला वेळ होता, माणूस दिसत नव्हतं. तिनं बूट घट्ट बांधले. मला ठाऊक होतं ती काय करणार आहे. तनयानं सांगितलेले दिवस भरायला अजून सहा दिवस होते. आणि सांगायला मला लाज वाटते, पण तिनं बटण दाबलं तेव्हा माझा काटा आनंदानं उसळला. ती सुटली. एक, दोन, तीन. सहा, सात. तिचा श्वास माझ्या काचेवर येत होता. नऊ. दहा.

अकराव्या सेकंदाला तिनं मला थांबवलं.

दुखलं म्हणून नव्हे. ती नंतर रंभाला म्हणाली की अजून दुखत नव्हतं. ती रस्त्यातच उभी राहिली, माझ्याकडे बघितलं, पुढच्या वळणाकडे बघितलं, आणि बुटाच्या नाड्या सोडून चालत घरी आली. माझ्या चाळीस वर्षांत हजारो मुलांनी मला थांबवलं. पोचले म्हणून थांबवलं, पडले म्हणून थांबवलं, दमले म्हणून थांबवलं. कुठंही न पोचता, न पडता, न दमता कुणी थांबवलं नव्हतं. घरी येऊन तिनं गोणपाट अंथरलं आणि प्लँक धरला. एक मिनिट चार सेकंद. त्या दिवशी पहिल्यांदा मी ते सेकंद घाई न करता मोजले.

सहा दिवसांनी धावणं सुरू झालं. सुरू म्हणजे काय, चार मिनिटं चालायचं, एक मिनिट धावायचं. मग तीन आणि दोन. तेही मातीवर. डांबरी रस्ता बंद. नवे बूट आले. सर रोज धावणं संपलं की तिला एका पायावर उभं करून गुडघा आत जातोय का ते बघत. गुडघा आता सरळ राहत होता. पण वेळ? वेळ वाईट होती. तीन मिनिटं बारा. मग तीन पाच. चाचणी तोंडावर आली तरी तीनच्या आत काही येईना. सर रोज मला डोळ्यांजवळ नेत, आणि पिंकीला आहे ती वेळ सांगत. तरीही ते "आणखी एक फेरी मार" असं कधी म्हणाले नाहीत.

चाचणी अलिबागला होती. आम्ही सगळे गेलो. आत फक्त उमेदवार. मुलींच्या पायाला चिप बांधत होते, वेळ यंत्रानं लागणार होती. माझी गरज नव्हती. सर आणि रंभा भिंतीबाहेर, झाडाखाली उभे राहिले, आणि मी सरांच्या मुठीत. आतून शिट्टी ऐकू आली. सरांनी सवयीनं बटण दाबलं. पिंकी त्याच गटात होती की नाही, देव जाणे. दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली. "किती झाला, सर?" रंभा विचारी. सर म्हणत, "दिसत नाही हो इथून." मी कुणाची वेळ मोजत होतो ते मलाच माहीत नव्हतं, आणि तरी थांबता येत नव्हतं.

पिंकी बाहेर आली तेव्हा मी एकोणीस मिनिटांवर होतो. ती सरळ चालत आली. तिनं आईचा हात धरला आणि म्हणाली, "दोन छप्पन्न." मग सरांकडे बघून म्हणाली, "आजच्या दिवसात तेवढंच होतं, सर. शेवटच्या फेरीत पाय न जपता धावले. दुखला नाय."

दीड महिन्यानं यादी लागली. तिचं नाव नव्हतं. सहा सेकंदांचे गुण कमी पडले.

ती सकाळ मला विसरता येत नाही. पिंकी कारखान्यात बसली आणि एकामागून एक आठ मूर्तींच्या कोरा तिनं काढल्या. एकही बिघडली नाही. मी खिळ्याला टांगलेलो, काटा शून्यावर, आणि मला वाटत होतं की कुणीतरी काहीतरी बोलावं. ज्या नऊ दिवसांत मी चुकीचं मोजत बसलो, ते दिवस हिला परत द्यावेत. पण दिवस परत द्यायचं बटण माझ्यावर नाही.

रंभा तिच्या शेजारी येऊन बसली. तिनं विचारलं, "पाय दुखतोय?"

"नाय."

"मग उद्या मैदानावर जा की."

पिंकीनं ब्रश खाली ठेवला आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून खूप रडली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही पेणला गेलो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी धावत असेल आणि धावण्याआधी वाकून नडगी चोळत असेल, तर आजच घरी सांगा. गुडघा असो, टाच असो, लपवू नका. डॉक्टरांनी सांगितलेला शब्द कळला नाही तर मान हलवू नका, पुन्हा विचारा, तिसऱ्यांदा विचारा. धावायला लागायच्या आधी पोट, कंबर आणि पाठ बळकट करा, रोज थोडं थोडं, कंटाळा आला तरी. आणि तुम्ही कुणाला शिकवत असाल, तर त्याच्या वेळेआधी त्याचा चेहरा बघा, कारण माझ्या काट्याला दुखणं दाखवता येत नाही. आणखीही बरंच सांगायचं होतं, पण बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. पिंकी बूट बांधून उभी आहे, आणि मला निघायला हवं.